लेमचा चंद्र

खाडीत खांबांवर वसलेल्या हिनरोम गावात घड्याळं घरोघरी आहेत, तरी पाणी किती वाजता चढेल हे विचारायला लोक लेमकडे यायचे. चंद्राचं तर सगळंच त्याच्याकडे. रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी इमामसाहेब मशिदीच्या पायरीवर बसून राहायचे आणि लेम होडी घेऊन दोन कड्यांमधल्या फटीपाशी जायचा. तिथून पश्चिमेचं आभाळ पार पाण्याला टेकेपर्यंत दिसतं. बाकी सगळीकडे चुनखडीचे डोंगर आडवे येतात. तो परत येऊन काय सांगेल त्यावर दुसऱ्या दिवशी ईद की तिसावा रोजा हे ठरायचं. तीस वर्षं तो जात होता, त्याच्या आधी त्याचे वडील जायचे. राजधानीची घोषणा रेडिओवर नंतर यायची आणि ती लेमच्या शब्दाशी जुळायची, त्यामुळे वादाची वेळच आली नव्हती. ती यंदा आली.

लेम एकसष्ट वर्षांचा. काटक, काळा, बोलायला कंजूष आणि हट्टी. जन्म खांबांवरच्या घरात, खाली समुद्र. चालायला शिकता शिकता तो दोनदा घरांमधल्या फळ्यांच्या वाटेवरून पाण्यात पडला होता आणि दोन्ही वेळा न रडता वर आला होता, असं त्याची आई सांगायची. दुसऱ्या वेळी ती स्वतःच खूप रडली होती, हे मात्र शेजारी सांगायचे. वडिलांनी त्याला चार वर्षं शाळेत घातलं आणि पाचव्या वर्षी जाळ्यावर घेतलं. तारखेवरून पाणी ओळखायला त्यांनीच शिकवलं. चंद्राची कोर दिसली की पहिली तारीख. तिथून पुढे भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. एवढं एक गणित त्याला आयुष्यभर पुरलं. पुढे मासळी कमी झाली, फुकेतहून प्रवाशांच्या मोठ्या बोटी यायला लागल्या, आणि ज्या गुहांत लेम लहानपणी खेकडे धरायला शिरायचा त्याच गुहांतून लोकांना फिरवण्याचा पगार मिळायला लागला. बावीस वर्षं तो एका सहल कंपनीची रबरी होडी वल्हवत होता.

त्या खाडीतले काही डोंगर पोकळ आहेत. बाहेरून नुसता कडा आणि पायथ्याशी एक काळं भोक. आत शिरायचं, वटवाघळांच्या वासातून शंभरेक हात अंधारात जायचं, आणि एकदम डोक्यावर आभाळ. चारी बाजूंनी सरळ भिंती, तळाला हिरवं पाणी, तिवरं, माकडं. गावचे लोक त्याला खोली म्हणतात. मोठमोठ्यानं बोलणारी माणसं तिथे पोचल्यावर आपोआप कुजबुजायला लागतात, हे लेमनं हजार वेळा पाहिलं होतं. खोलीचं दार समुद्राच्या ताब्यात असतं. भरती चढली की गुहेचं छत पाण्याला टेकतं आणि तीन तास दार बंद. छताला कालवं चिकटलेली असतात, सुरीसारख्या धारेची. म्हणून पाण्याची वेळ चुकवायची नसते, आणि लेमनं ती कधी चुकवली नव्हती.

दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं धरायला लागलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. गुहेत तसंही डोळ्यांचं काम कमी, हातांचं जास्त. दहा पावलांवरच्या माणसाला तो आवाजावरून ओळखायचा आणि आधीच हाक मारायचा, म्हणजे कुणाला शंका यायला नको. बायकोला, रोकियोला, शंका नव्हती, खात्री होती. ताटातल्या माशाचे काटे तो बोटांनी चाचपून काढतो हे तिला दिसत होतं. डॉक्टरकडे चला असं तिनं तीनदा म्हटलं. डॉक्टर कागदावर लिहून देईल आणि तो कागद कंपनीत जाईल, म्हणून लेम तिन्ही वेळा उठून बाहेर गेला.

यंदा एकोणतिसाव्या संध्याकाळी आभाळ ढगाळ होतं. ईदच्या चंद्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून बरोबर हातसान होता. लेमचा शेजारी, पाण्यातल्या पिंजऱ्यांत मासे वाढवणारा, लेमपेक्षा चार वर्षांनी लहान आणि लेमच्या शब्दाबाहेर न जाणारा. सूर्य बुडाला. दोघं होडीत उभे राहिले. ढगाला खाली फट पडली, फटीत पिवळट उजेड होता, आणि लेमनं बोट दाखवलं. "ती बघ." हातसाननं बोटाच्या रेषेत डोळे बारीक केले, बराच वेळ. मग तो म्हणाला, "हो, हो, तिथेच ना?" आणि फट मिटली.

इमामसाहेबांसमोर दोघांनी शपथेवर सांगितलं. ढोल वाजला, पोरं गल्ल्यांमधून फळ्या वाजवत धावली, बायकांनी पानांत बांधलेला चिकट भात चुलीवर चढवला. आठ वाजता रेडिओवर घोषणा आली की देशात कुठेही चंद्र दिसलेला नाही, उद्या तिसावा रोजा. मशिदीत थोडी कुजबुज झाली. इमामसाहेब वयस्कर आणि सरळ माणूस. त्यांनी लेमला पुन्हा बोलावलं नाही, एवढंच म्हणाले की आपल्या माणसानं शपथ घेतली आहे. अख्ख्या खाडीत एकट्या हिनरोमनं दुसऱ्या दिवशी ईद केली. पलीकडच्या गावांतून फोन आले की हिनरोमवाल्यांना यंदा भूक लवकर लागली वाटतं. लोक हसले, पण लेमकडे बघून हसले नाहीत. त्याच्या चंद्रावर कुणी हसत नसे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. जेवणं चालली होती. हातसान मागच्या बाजूनं आला आणि लेमला हातानं खूण करून बाहेर फळीवर घेऊन गेला. खाली पाणी खांबांना चाटत वर येत होतं.

"पाणी लवकर आलंय," हातसान म्हणाला.

लेम म्हणाला की वारा पाणी लोटतोय.

"वारा कुठाय?"

वारा खरंच नव्हता. वाळत घातलेली लुंगीसुद्धा हलत नव्हती.

"काल वाटलं, माझंच चुकलं," हातसान म्हणाला. "आज मी घड्याळ घेऊन पिंजऱ्यावर बसलो. पाऊण तास, लेम. पाऊण तास आधी."

"बाहेर समुद्रात वारा असेल."

हातसाननं आतल्या पाहुण्यांकडे एकदा पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला काहीच दिसलं नव्हतं. तू दाखवलंस म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, माझीच नजर कमी."

लेमनं त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. तो म्हणाला, "शपथ घेताना जीभ होती ना तुला?" आणि आत जाऊन पाहुण्यांना भात वाढायला लागला. हे बोलणं किती हलकट होतं ते त्याला वाढता वाढताच कळलं, पण बोलून झालं होतं.

हिशोब सरळ होता आणि लेमला तो दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगला येत होता. पाणी खऱ्या चंद्राप्रमाणे चालतं. लेमची तारीख एक दिवस पुढे असेल तर पाणी त्याच्या गणितापेक्षा पाऊण तास आधी येणार. आणि तारीख एक दिवस पुढे असेल तर गावानं एक रोजा बुडवला होता. तीनशे घरांनी, त्याच्या शब्दावर. हे मान्य करण्यापेक्षा वारा मान्य करणं सोपं होतं.

तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला. निघताना रोकियोनं सांगितलं की हातसान सकाळी पुन्हा येऊन गेला, तोंड उतरलेलं होतं. तुमच्यात काय झालं, असं तिनं विचारलं. काही नाही, असं लेमनं सांगितलं. ती म्हणाली, "काही नाही झालं की तुम्ही डबा विसरता. घ्या."

मोठ्या बोटीची प्रमुख वारुनी होती. फुकेतची, पस्तिशीची, गळ्यात शिट्टी आणि हातात पाण्याच्या वेळांचा छापील तक्ता. ती बौद्ध असली तरी सगळ्या मुसलमान वल्हेकऱ्यांना त्यांच्याच रीतीनं बांग म्हणायची, म्हणजे दादा. नऊ वर्षं तिचा कागद आणि लेमचं गणित पाच-दहा मिनिटांच्या फरकानं जुळत आलं होतं, आणि ती हे कौतुकानं प्रवाशांना सांगायची. बोट आधी लाल चित्रांच्या कड्याखाली थांबली. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे खडकावर मासे आणि माणसं रंगवून ठेवली आहेत. लोकांनी फोटो काढले. मग खोलीच्या डोंगराशी नांगर पडला. वारुनीनं वल्हेकऱ्यांना गोळा करून सांगितलं की आज दहाच्या आत सगळे बाहेर पाहिजेत, दहा-दहाला दार बंद.

लेम म्हणाला, "अकरापर्यंत उघडं आहे."

वारुनीनं कागद बघितला, मग त्याच्याकडे. "बांग, आज आपलं जुळत नाही."

"कागद चुकला असेल."

"कागद नेव्हीचा आहे." तिनं आवाज खाली आणला. "तुमच्याकडे ईद एक दिवस आधी झाली ना? त्यामुळे तर नाही?"

तिनं ते सहज विचारलं होतं. बाकीचे वल्हेकरी आजूबाजूच्या गावांतले होते. त्यांच्यातला एक जण वल्ह्याकडे बघत हसला. लेम आपली होडी पाण्यात सोडायला गेला. पण त्याच क्षणी त्यानं ठरवलं होतं. दहानंतर, सगळे बाहेर आल्यानंतर, साडेदहाला तो आरामात वल्हवत त्या भोकातून बाहेर येणार होता. मग कागद काय, रेडिओ काय आणि ते हसणारं तोंड काय, सगळ्यांना उत्तर मिळालं असतं. होडीत दोन माणसं बसलेली असणार याचा त्यानं तेव्हा विचार केला नाही. हे त्याच्या बाजूनं काहीही सांगून सावरता येण्यासारखं नाही, आणि त्यानं स्वतःही पुढे कधी सावरलं नाही.

ती दोघं उत्तरेकडच्या डोंगरी मुलखातली होती. पिकुनबाई, निवृत्त शिक्षिका, अडुसष्ट वर्षांची, आणि तिचा नवरा थावोर्न, रेल्वेतून निवृत्त झालेला, भलामोठा. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आदल्या दिवशी. गुहेत आडवं झोपायला सांगितल्यावर थावोर्नचं पोट होडीच्या काठाच्या वर आलं आणि पिकुनबाई म्हणाली, "चाळीस वर्षं सांगतेय रात्रीचा भात सोडा म्हणून. आता डोंगर सांगतोय, ऐका."

आत गेल्यावर दोघंही गप्प झाली. हिरव्या पाण्यावर ऊन एका तुकड्यापुरतं पडलं होतं. भिंतींवरून वेली लोंबत होत्या, आणि कुठेतरी वर एक पक्षी एकच स्वर परत परत काढत होता. पिकुनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं रागानं पुसलं. इतर होड्या आल्या, फिरल्या, एकेक करून परत गेल्या. शेवटच्या वल्हेकऱ्यानं जाताना ओरडून सांगितलं, "बांग, चला." लेमनं हात वर केला. बाईला त्या कोपऱ्यातली माकडं बघायची आहेत, असं तो म्हणाला. बाईनं तसं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, हा माणूस आपल्याला जास्तीचं काही दाखवतो आहे, आणि ती खूश झाली.

दहा वाजले. गुहेतून आवाज आला.

तो आवाज लेम लहानपणापासून ओळखत होता. छत आणि पाणी यांच्यात हवा कोंडायला लागली की डोंगर घोट घेतल्यासारखा आवाज करतो. असे दहा-बारा घोट, की दार बंद. लेमनं होडी इतक्या जोरात वळवली की थावोर्ननं दोन्ही हातांनी काठ धरला. बाहेरून वारुनीची शिट्टी आली, लांब, मग दोनदा आखूड. म्हणजे कुठे आहात.

अजून जाता येईल, असं त्यानं धरलं. होडीतली हवा सोडली की ती चार बोटं खाली बसते. त्यानं दोघांना झोपवलं, झडप उघडली, दिवा दातांत धरला आणि पाठीवर पडून छताला हात लावत होडी गुहेत ढकलली. पहिले तीसेक हात बरे गेले. मग छत खाली आलं. कालवं त्याच्या बोटांखालून सरकत होती आणि पाणी कानाशी चढत होतं. लाटेचा फुगवटा आला की होडी वर उचलली जायची, तो ओसरला की खाली. ओसरतानाच्या दमात एक ढकल, मग थांबायचं. पुन्हा एक ढकल. समोर, बऱ्याच लांब, दिवसाच्या उजेडाची एक पातळ चीर होती. ती प्रत्येक फुगवट्याबरोबर मिटायची आणि पुन्हा उघडायची. लेमच्या धुकट डोळ्यांनासुद्धा ती दिसत होती.

थावोर्न किंचाळला. कालवानं त्याचा सदरा आणि सदऱ्याखालची कातडी धरली होती.

"पोट आत घ्या," लेम दातांतल्या दिव्यामागून म्हणाला.

"ते आतच आहे," पिकुनबाई अंधारातून म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईचा. "लेम, खरं सांगा. आपण जाऊ का इथून?"

पुढचं सगळ्यात अरुंद ठिकाण वीस हातांवर होतं. लेम एकटा असता तर गेला असता. पिकुनबाई गेली असती. थावोर्न तिथे अडकला असता, आणि मग मागेही येता आलं नसतं. पण चीर अजून उघडत होती. उघडली की लेमला वाटायचं, एक दम, फक्त एक. बाहेर सगळे उभे होते. बाहेर पडलं की तो खरा ठरत होता, निदान खोटा ठरत नव्हता. त्यानं छताला हात लावला आणि पुढच्या ओसरतीची वाट पाहिली. ओसरती आली. त्याचा हात छताला तसाच राहिला. थावोर्न लहान मुलासारखा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक प्रार्थना, आणि प्रत्येक शब्दाबरोबर त्याचं पोट हलत होतं.

लेम बाजूनं पाण्यात उतरला. त्यानं होडीची दोरी मनगटाला गुंडाळली, पाय खडकाला लावले आणि होडी मागे ओढायला सुरुवात केली. पुढे जाताना कालवांनी सोडलं होतं ते मागे येताना सोडलं नाही. हात फाटले, एक खांदा फाटला. दिवा तोंडातून पडला आणि विझला. अर्ध्या वाटेत पाणी नाकाशी आलं तेव्हा त्यानं थावोर्नचं डोकं एका हातानं छताच्या खोबणीत धरलं आणि फुगवटा जाऊ दिला. मग पुन्हा ओढलं. ती तिघं खोलीत परत आली तेव्हा मागे गुहेनं शेवटचा घोट घेतला. शिट्टी ऐकू यायची थांबली.

तिवराच्या मुळांवर लेमनं होडी टेकवली. पिकुनबाईनं नवऱ्याचा सदरा वर करून पाहिला, लांब ओरखडे होते, खोल नव्हते. मग तिनं लेमचे हात पाहिले, पर्समधून रुमाल काढला, दोन तुकडे केले आणि न विचारता बांधायला लागली. बांधता बांधता तिनं विचारलं, "दार किती वाजता उघडेल?"

लेमच्या गणितानं दोन वाजता उघडायला हवं होतं. कागदाच्या गणितानं सव्वा वाजता. ती उत्तरासाठी थांबली होती, थावोर्न डोळे मिटून ऐकत होता, दोघांना पाणी प्यायला नव्हतं आणि ऊन आता सरळ डोक्यावर येणार होतं. त्यांना खरी वेळ हवी होती.

"सव्वा वाजता," लेम म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. माझं गणित एक दिवस पुढे होतं."

बाईला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. तिनं गाठ मारली आणि म्हणाली, "मग ते बाहेरच दुरुस्त करून यायचं होतं. आम्हाला आत आणून कशाला?" तिनं दुसरा हात पुढे करायला सांगितलं.

तीन तास गेले. थावोर्नला दोनदा धाप लागली आणि दोन्ही वेळा लेमनं छातीला पाणी लावून, सावलीत सरकवून त्याला शांत केलं. लेमच्या डब्यातला ईदचा उरलेला चिकट भात तिघांनी खाल्ला. थावोर्ननं सगळ्यात कमी खाल्ला आणि बायको त्याला काही बोलली नाही. एकला पाच मिनिटं कमी असताना गुहेतून हवा सुटल्याचा आवाज आला. एक वाजून तेरा मिनिटांनी उजेडाची चीर परत दिसली. नेव्हीचा कागद दोन मिनिटांनी चुकला होता.

बाहेर वारुनी गुहेच्या तोंडाशी होडीत उभी होती. तिनं आधी थावोर्नला वर घेतलं, मग बाईला, मग लेमला. तिनं आरडाओरडा केला नाही. उद्यापासून तुम्ही होडीवर नाही, डोळे तपासून या, मग बघू, असं तिनं सांगितलं. म्हणजे तिलाही माहीत होतं. बहुतेक बोटीवर सगळ्यांनाच माहीत असावं, आणि सगळे त्याची अब्रू सांभाळत होते. लेमला त्याची लाज वाटली, नोकरीपेक्षा जास्त.

गावात पोचल्यावर तो घरी गेला नाही. हातसानच्या पिंजऱ्यावर गेला. हातसान माशांना खाद्य टाकत होता, त्यानं वर पाहिलं नाही. लेम म्हणाला की मी इमामसाहेबांकडे चाललोय, तुझं नाव मी घेणार नाही, तू फक्त माझ्या बोटाकडे बघितलंस. हातसाननं बादली खाली ठेवली.

"शपथ माझीही होती," तो म्हणाला. "जीभ माझीही होती. तूच म्हणालास ना?" आणि तो बरोबर निघाला.

इमामसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग लेमला एकच विचारलं, "मग दिसलं काय होतं तुला?"

"उजेड होता," लेम म्हणाला. "चंद्र तिथेच असायला हवा होता. मला दिसत नाही हे मला ऐकायचं नव्हतं. म्हणून दिसला म्हणालो."

इमामसाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की चूक त्यांचीही आहे. रेडिओ ऐकल्यावर त्यांनी लेमला पुन्हा बोलावून विचारायला हवं होतं, पण तीस वर्षांच्या सवयीनं विचारलं नाही. राहिलेला रोजा सगळ्यांना धरावा लागेल. शुक्रवारी मशिदीत लेमनं उभं राहून सांगायचं. आणि मशिदीत जे येत नाहीत, बायका, म्हातारी माणसं, आजारी, त्यांच्या दारी जाऊन स्वतः सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये.

शुक्रवारी त्यानं सांगितलं. हातसान शेजारी उभा राहिला. मागून एका जणानं शिवी हासडली, मशिदीत, म्हणून दोघांनी त्याला गप्प केलं. पलीकडची गावं आता वर्षभर हसणार, असं कुणी म्हणालं. इमामसाहेबांनी सोमवार ठरवला आणि लोक उठले. कुणी लेमच्या खांद्यावर हात ठेवला नाही. रोकियो घरी म्हणाली की नळावर आता तीनशे बायका मला गाठणार आहेत, त्याला मी तयार आहे, तुम्ही तेवढं दारोदार जाऊन या. सदरा स्वच्छ घाला.

पहिलं दार मशिदीला लागून होतं. तिथे म्हातारी मिनो राहायची, नव्वदीला आलेली, दाराशी चटईवर बसून जाळं सांधणारी. लेम समोर उकिडवा बसला आणि त्यानं सांगितलं की मी ईदचा चंद्र पाहिला नव्हता.

म्हातारीनं कानाला हात लावला. "काय?"

त्यानं पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोल रे. पुरुषासारखं बोल."

लेमनं मागे पाहिलं. नमाज संपवून लोक फळीवरून घरी चालले होते. समोरच्या घराच्या खिडकीत बायका होत्या. तो ओरडला, "मी चंद्र पाहिला नव्हता. खोटं सांगितलं. आपला सगळ्यांचा एक रोजा राहिलाय."

फळीवरची पावलं थांबली. म्हातारीचे हात जाळ्यावर थांबले. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याला वाटलं, तिला आताही ऐकू आलं नाही.

"कधी धरायचा?" तिनं विचारलं.

"सोमवारी," तो ओरडला.

"सोमवारी." तिनं जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "पहाटे मला जाग येत नाही आता. सून माहेरी गेलीय. रोज्याआधी जेवायला उठवायला तूच ये. आणि दार वाजवू नकोस, मला ऐकू येत नाही. आत येऊन हलव."

लेम हो म्हणाला, तेसुद्धा ओरडून, आणि पुढच्या दाराकडे गेला.